पस्तिसाव्या वर्षी निवृत्त : विमानातल्या बायांचा लढा

आपल्या चिकलठाण्यात विमानाचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. जालना रोडला भाजी घेताना डोक्यावरून विमान गेलं तर आपण बोलणं तेवढं थांबवतो आणि पुन्हा भाव करायला लागतो. आज मात्र त्या विमानात नोकरी करणाऱ्या बायांची गोष्ट सांगायची आहे. लोक त्यांना हवाई सुंदरी म्हणतात. त्या नावातच सगळी अडचण दडली आहे. सुंदरी म्हटलं की ती तरुणच पाहिजे, मग ती म्हातारी कशी होणार?

एअर इंडिया १९५३ साली सरकारी झाली. तिच्या नियमांत लिहिलं होतं की हवाई सुंदरी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी निवृत्त होईल. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं, तर तेव्हाच. आणि पहिल्यांदा दिवस गेले, तर त्याच वेळी. यातलं जे आधी घडेल ते. पस्तिशीनंतर एकेक वर्षाची मुदतवाढ मिळायची, पंचेचाळिशीपर्यंत, पण ती द्यायची की नाही हे मोठ्या साहेबांच्या मर्जीवर. त्याच विमानात काम करणारे पुरुष कर्मचारी मात्र ५८ व्या वर्षापर्यंत नोकरीत. त्यांचं लग्न झालं, लेकरं झाली, तरी कुणी विचारत नव्हतं.

नियम करणाऱ्यांना वाटायचं की हे काम म्हणजे हसून चहा देणं. खरं काम वेगळंच आहे. आग लागली, विमान पडलं, तर दारं उघडून माणसं बाहेर काढायची. चिकलठाण्याला हे समजावून सांगायला नको. २६ एप्रिल १९९३ ला आपल्या धावपट्टीवरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान पुढच्या रस्त्यावरच्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकून कोसळलं. ११८ माणसांपैकी ५५ दगावली. अशा वेळी जवळ उभी असलेली बाई वीस वर्षांच्या अनुभवाची असेल तर बरं, की कालच भरती झालेली? तुम्हीच सांगा.

नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकारी या नियमांविरुद्ध कोर्टात गेल्या. २८ ऑगस्ट १९८१ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. गरोदर राहिली म्हणून नोकरी काढून घेणं क्रूरपणाचं आहे, भारतीय स्त्रीत्वाचा तो अपमान आहे, असं न्यायालयाने म्हटलं आणि तो नियम रद्द केला. मुदतवाढ साहेबांच्या मर्जीवर ठेवणंही रद्द झालं. पण सगळं मिळालं नाही. चार वर्षं लग्न न करण्याची अट न्यायालयाने कायम ठेवली. पुरुषांइतकं निवृत्तीचं वयही दिलं नाही. बाया आणि पुरुष यांच्या भरतीचे आणि बढतीचे नियम वेगळे, त्यामुळे ते वेगळे वर्ग आहेत, असं कारण दिलं. नियम वेगळे कुणी केले, हा प्रश्न तिथेच राहिला.

बाया थांबल्या नाहीत. १९८९ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला की बायांनाही ५८ पर्यंत नोकरी मिळावी. काही आठवड्यांतच खुलासा आला : नोकरी ५८ पर्यंत, पण विमानात ४५ पर्यंतच, पुढे जमिनीवरचं काम. नंतर हे वय ५० झालं. आता तुम्ही म्हणाल, पगार तर चालू आहे ना? पण विमानात काम करणाऱ्याला उड्डाणाचे भत्ते मिळतात. जमिनीवर बसवलं की ते जातात.

इथे बायांचंही एकमत नव्हतं. काहींना पुरुषांसारखं ५८ पर्यंत उडायचं होतं. काहींना पन्नाशीनंतर उडायची सक्ती नको होती. आपल्या गटात कर्ज कुणाला आधी द्यायचं यावर जशी तोंडं दोन दिशांना होतात, तसंच. मुंबई उच्च न्यायालयाने २००१ मध्ये पन्नाशीचा नियम भेदभावाचा ठरवला, तर २००३ मध्ये यशस्विनी मर्चंट यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यानंतर सरकारनेच बायांना ५८ पर्यंत उडायची मुभा दिली.

शेवटची भिंत होती बढतीची. विमानातल्या सगळ्या कर्मचाऱ्यांचा प्रमुख पुरुषच असायचा. बाईची नोकरी कितीही जुनी असो, हुकूम देणारा पुरुष. २००५ च्या डिसेंबरमध्ये एअर इंडियाने हे पद बायांना खुलं केलं. पुरुष कर्मचारी त्याविरुद्ध कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयात २००७ मध्ये ते हरले, आणि १७ नोव्हेंबर २०११ ला सर्वोच्च न्यायालयानेही बायांच्या बाजूने निकाल दिला. १९८१ ते २०११, तीस वर्षं झाली. पहिल्या निकालाच्या वेळी विशीत असलेली बाई तोवर पन्नाशीला पोचली होती.

नोकरीतलं हे मोठेपण वयावर नाही, रुजू झालेल्या तारखेवर मोजतात. त्याला सेवाज्येष्ठता म्हणतात. तिची किंमत काय असते ते अमेरिकेतल्या बेटी नॅश यांच्याकडे पाहून कळतं. त्या १९५७ मध्ये नोकरीला लागल्या. तेव्हा तिथेही लग्न झालं की नोकरी जायची आणि वजन मोजलं जायचं. ते नियम लढून मोडले गेले आणि बेटीबाई उडत राहिल्या, २०२४ मध्ये ८८ व्या वर्षी वारल्या तोपर्यंत नोकरीतच होत्या. तिथे ज्याची तारीख जुनी, त्याला विमानाचा मार्ग आधी निवडता येतो. बेटीबाई कुठल्याही देशाचा मार्ग घेऊ शकल्या असत्या. त्यांनी वॉशिंग्टन ते बोस्टन हा जवळचा मार्ग घेतला, कारण त्यांच्या मुलाला अपंगत्व होतं आणि रोज रात्री घरी यायचं होतं. जुन्या तारखेने त्यांना ही सोय दिली.

आता आपल्याकडे बघा. चिकलठाणा आणि शेंद्रा एमआयडीसीत आपल्या गटांतल्या कितीतरी बाया आणि लेकी कामाला जातात. बहुतेक ठेकेदाराकडे. ठेकेदार बदलला, मध्ये काही महिने घरी बसवलं, की पुन्हा नव्याने सुरुवात. दहा वर्षं त्याच गेटमधून आत जाणारी बाई कागदावर दरवेळी नवीनच. लग्न ठरलं की पोरगी आपणच नोकरी सोडते, कारण ‘सोडायचीच असते’ असं घरात सगळे म्हणतात. नियम कुठे लिहिलेला नसतो, तरी तो चालतो.

म्हणून तीन गोष्टी करा. कामावर लागल्याची तारीख, कंपनी आणि ठेकेदाराचं नाव आपल्या वहीत लिहा. पगाराची पावती आणि ओळखपत्र जपून ठेवा. भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन नंबर ठेकेदार बदलला तरी तोच चालू ठेवा, म्हणजे वर्षं जोडली जातील. तिथल्या पेन्शनला किमान दहा वर्षं लागतात. आणि दिवस गेले म्हणून कुणी घरी जायला सांगितलं, तर लगेच राजीनाम्यावर सही करू नका. कायद्याने, बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेलं असेल, तर पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजा आहे. ठेकेदाराकडच्या बाईलाही तो हक्क आहे.

पुढच्या बैठकीत हप्त्याची वही उघडाल तेव्हा मागच्या पानावर एक यादी करा : कोण कुठे आणि कधीपासून काम करते. ज्यांना तारीख आठवत नाही, त्यांना पहिल्या पगाराचं किंवा लेकराच्या शाळेचं वर्ष विचारा. तारीख सापडते.