टेलिफोन ऑपरेटर परत आली आहे

गेल्या महिन्यात एका शनिवारी सकाळीच आतेभावाचा फोन आला. त्याचा सोलर वॉटर हीटर बसवून द्यायचा छोटासा धंदा आहे. आवाज पार पडलेला.

"अरे, त्या एआयला विचारलं की सोलर कुणाकडून बसवावा, तर चार नावं सांगतं. माझं नाहीच! तू कॉम्प्युटरवाला ना? दहा-बारा खोट्या नावांनी चर्चांमध्ये घुसून माझी तारीफ लिहून टाक. नाहीतर एकजण पैसे घेऊन हेच करून देतो म्हणतोय."

'नाही' म्हणणं सोपं होतं. पण का नाही, हे सांगायला मला थेट एकोणिसाव्या शतकात जावं लागलं.

अमेरिकेत कॅन्सस सिटीत अल्मन स्ट्राउजर नावाचा एक गृहस्थ होता. अंत्यसंस्काराची व्यवस्था करून देणं हा त्याचा धंदा. तेव्हा फोन उचलला की आधी ऑपरेटर बोलायची आणि मग ती जोडून द्यायची. आख्यायिका अशी, की ऑपरेटर होती स्ट्राउजरच्या प्रतिस्पर्ध्याची नातेवाईक. त्यामुळे गिऱ्हाइकं परस्पर तिकडेच जायची! कथा किती खरी देव जाणे, पण स्ट्राउजरने माणसाविना फोन जोडणारं यंत्र बनवलं आणि १८९१ साली त्याचं पेटंट मिळवलं हे मात्र खरं. १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट या गावात त्यावर चालणारं एक्स्चेंज सुरूही झालं.

मधली बाई गेली. डिरेक्टरी होतीच, पुढे सर्च इंजिन आलं. दोन्हीकडे यादी मिळायची आणि निवड आपण करायचो. आता एआय यादीऐवजी सरळ उत्तर देतं. म्हणजे ऑपरेटर परत आली की हो! फरक एवढाच, की ही कुणाची नातेवाईक नाही. ही ऐकीव गोष्टींवर बोलते, आणि ऐकते कुठे, तर माणसं एकमेकांशी गप्पा मारतात तिथे.

या गप्पांच्या जागाही जुन्याच आहेत. १९७९ साली ड्यूक विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून यूजनेट निघालं. विषयवार चर्चा, प्रश्न विचारा, कुणीतरी अनोळखी माणूस फुकट उत्तर देणार. सगळा कारभार विश्वासावर. मग एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील नवराबायकोने ग्रीन कार्ड लॉटरीची जाहिरात पाच हजारांहून जास्त चर्चागटांत एकदम टाकली. विषय स्वयंपाकाचा असो की गणिताचा, जाहिरात तीच. लोक खवळले, त्यांचं इंटरनेट खातंही बंद झालं. पण आपल्याला भरपूर कामं मिळाली असं दोघं अभिमानाने सांगत राहिले. बाकीच्यांनी त्यातून काय धडा घेतला हे आपण सगळे रोज आपल्या ई-मेलमध्ये बघतोच.

पुढचा अंक गूगलचा. १९९८ सालच्या पेजरँकची कल्पना साधी होती: दुसऱ्याने दिलेली लिंक म्हणजे एक मत. झालं! लोकांनी जिथे जागा मिळेल तिथे स्वतःच्या लिंका चिकटवायला सुरुवात केली. शेवटी जानेवारी २००५ मध्ये गूगल, याहू आणि एमएसएनने 'नोफॉलो' ही खूण मान्य केली. ती असलेल्या लिंकचं मत मोजायचं नाही. म्हणजे चोरांमुळे साधी माणसंही मतदार यादीतून गेली.

आता एआय. २०१९ साली ओपनएआयने जीपीटी-२ ला शिकवायला जो मजकूर गोळा केला, तो रेडिटवर लोकांनी दिलेल्या आणि किमान तीन गुण मिळालेल्या लिंकांवरून, साधारण ८० लाख पानं. २०२४ मध्ये आधी गूगलने आणि मग ओपनएआयने रेडिटशी करारच केले. गप्पांना भाव आला! आणि त्याच वर्षी मे महिन्यात गूगलच्या एआयने पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून सॉसमध्ये गोंद घालायचा सल्ला दिला. मूळ सापडलं रेडिटवरच्या अकरा वर्षं जुन्या एका थट्टेत.

आतेभाऊ लगेच म्हणाला, "बघ, थट्टा खपते तर माझी तारीफ का नाही खपणार?"

खपेलही, काही दिवस. पण तीन गोष्टी. एक, दर वेळी असंच झालंय: जागा नासली की यंत्रवाले गाळणी लावतात, आणि गाळणीत खरी माणसंही अडकतात. दोन, कायदा. अमेरिकेत खोट्या अभिप्रायांवर बंदी घालणारा नियम २०२४ मध्ये लागू झाला. आपल्याकडे २०२२ साली भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी मानक काढलं, ऐच्छिक का होईना. तीन, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: त्या चर्चांना किंमत आहे ती तिथे कुणी विकायला बसलेलं नाही म्हणून. तू खोटं नाव घेऊन गेलास की ज्या फांदीवर बसायचंय तीच तोडतोयस.

मग मी त्याला विचारलं, "बोअरचं जड पाणी असेल तर सोलरचं काय होतं रे?" त्यावर गडी वीस मिनिटं बोलला. नळ्यांत क्षार कसे साचतात, कुठलं मॉडेल घेऊ नये, कुणी सोलरच्या भानगडीतच पडू नये. म्हटलं, हेच लिही. स्वतःच्या नावाने, 'हा माझा धंदा आहे' असं आधी सांगून, आणि जिथे कुणी खरंच विचारलंय तिथेच.

"हे तर मी रोज फोनवर फुकट सांगतो," तो म्हणाला.

त्याने आतापर्यंत पाच उत्तरं लिहिली आहेत. काल मी मुद्दाम एआयला विचारून पाहिलं. चार नावं आली, त्याचं नव्हतं. पण त्याच्या तिसऱ्या उत्तराखाली कुणीतरी विचारलंय, 'काका, टाकी किती लिटरची घेऊ?' संध्याकाळी तो उत्तर देणार आहे. असो.