चाचणी पास झाली की नुसतीच वगळली गेली? पर्यायी लायब्ररी नसताना सॉफ्टवेअर कसं तपासतात

नांदेड जिल्ह्यातली तीन नावं घ्या: भोकर, हिमायतनगर आणि धर्माबाद. समजा, पायथनमधला एक प्रोग्राम ही नावं प्रमाणपत्रावर छापतो. 'भोकर' व्यवस्थित उमटतं. 'हिमायतनगर'मधली वेलांटी मात्र 'ह'च्या आधी दिसण्याऐवजी नंतर दिसते. 'धर्माबाद'मधला रफार 'मा'वर चढत नाही, पाय मोडलेला 'र' सुटाच राहतो. प्रोग्राम कुठलीही चूक दाखवत नाही. कारण काय, तर संगणकावर एक पर्यायी लायब्ररी नाही.

पर्यायी लायब्ररी म्हणजे काय?

एक सॉफ्टवेअर दुसऱ्या तयार सॉफ्टवेअरवर अवलंबून असतं. त्यातली काही अत्यावश्यक असतात, ती नसतील तर काहीच चालत नाही. काही पर्यायी असतात, ती नसतील तर फक्त एखादी सोय मिळत नाही. उदाहरणार्थ, पांडाज ही माहिती हाताळणारी लायब्ररी एकटी चालते, पण नेहमीची एक्सेल फाइल वाचायची तर बहुधा ओपनपायएक्सएल लागते.

आपल्या उदाहरणातली लायब्ररी आहे पिलो. ती पायथनमध्ये चित्रं तयार करते. एकटी पिलो अक्षरं साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवते. युनिकोडमध्ये 'हि' लिहिताना आधी 'ह' आणि मग वेलांटी साठवली जाते, म्हणून चित्रातही तसंच उमटतं. देवनागरी अक्षरं नीट जुळवण्यासाठी 'रक्म' नावाची लायब्ररी लागते. रक्म हे काम हार्फबझ आणि फ्रीबिडी यांच्या मदतीने करते. पिलोमध्ये ही सोय 2017 मध्ये, 4.2.0 या आवृत्तीत आली. 8.2.0 पासून पिलोच्या तयार पॅकेजमध्येच रक्म असते, पण ती फ्रीबिडी चालू होतेवेळी संगणकावर शोधते.

चाचण्यांचं काय करायचं?

सॉफ्टवेअर बनवणारे आपलं काम तपासायला छोट्या छोट्या चाचण्या लिहितात. पर्यायी लायब्ररी नसेल तर तिच्यावरची चाचणी नापास होणं योग्य नाही, कारण कोडमध्ये चूक नसते. म्हणून अशी चाचणी वगळतात. पायटेस्टमध्ये त्यासाठी 'इम्पोर्ट-ऑर-स्किप' हे फंक्शन आहे: लायब्ररी मिळाली तर चाचणी चालव, नाही तर सोड. पिलोच्या स्वतःच्या चाचण्यांमध्येही रक्म उपलब्ध नसेल तर अक्षरजुळणीच्या चाचण्या वगळल्या जातात. 'आर' भाषेच्या पॅकेजांमध्ये 'सजेस्ट्स' नावाची यादी असते. त्या यादीतलं पॅकेज आहे की नाही हे आधी तपासूनच वापरावं, असा तिथला नियम आहे.

मग अडचण कुठे येते?

वगळलेली चाचणी नापास धरली जात नाही. त्यामुळे शेवटी हिरवी खूण दिसते आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. प्रत्यक्षात मराठीची तपासणी झालेलीच नसते. हे टाळायला पाच गोष्टी कराव्यात:

1. वगळण्याचं कारण लिहा. 'रक्म नाही म्हणून वगळली' असं अहवालात दिसलं पाहिजे.

2. फक्त संबंधित चाचणी वगळा. फाइलच्या सुरुवातीलाच पर्यायी लायब्ररी थेट मागवली आणि ती नसली, तर त्या फाइलमधली एकही चाचणी चालत नाही.

3. दोन ठिकाणी तपासा. एका संगणकावर सगळ्या पर्यायी लायब्ररी असाव्यात. तिथे वगळणं चालणार नाही, लायब्ररी सापडली नाही तर चाचणी नापासच झाली पाहिजे. दुसऱ्यावर एकही पर्यायी लायब्ररी नसावी.

4. अभावाचीही चाचणी लिहा. लायब्ररी नसताना प्रोग्राम वापरणाऱ्याला स्पष्ट सूचना देतो का, ते पाहा. गुपचूप चुकीचं छापण्यापेक्षा थांबणं बरं.

5. 'नाही' आणि 'बिघडली आहे' यांत फरक करा. लायब्ररी बसवलेली आहे पण उघडत नाही, तर ती चूक लपता कामा नये. म्हणूनच पायटेस्ट 8.2 पासून अशा वेळी 'इम्पोर्ट-ऑर-स्किप' इशारा देतं.

चाचणीसाठी शब्द कोणता निवडायचा?

फक्त 'भोकर' घेऊन चाचणी केली तर रक्म नसतानाही चित्र बरोबर दिसेल, कारण या शब्दात ना ऱ्हस्व वेलांटी आहे ना जोडाक्षर. 'हिमायतनगर' आणि 'धर्माबाद' घेतले की चूक लगेच उघडी पडते. चाचणीत नेहमी बिघडू शकणारे शब्द घ्यावेत.

पर्यायी कोणासाठी?

पिलो जगभर वापरली जाते आणि फक्त इंग्रजी छापणाऱ्याला रक्म लागतेच असं नाही. म्हणून पिलोसाठी ती पर्यायी आहे. पण मराठी प्रमाणपत्र, लग्नपत्रिका किंवा वाढदिवसाचं बॅनर बनवणाऱ्या प्रोग्रामसाठी ती अत्यावश्यक आहे. अशा प्रोग्रामने सुरू होतानाच पिलोच्या 'फीचर्स' या भागाला रक्म आहे का, ते विचारावं आणि नसेल तर काम थांबवावं. प्रमाणपत्रावर ज्याचं नाव छापायचं आहे, त्याला ते नीट छापलेलं मिळायला हवं.