पहिल्या आठवड्याची गुणतालिका : कौशल्य किती, नशीब किती?

१/
एप्रिल उजाडला की नौपाड्यात गोखले रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपासून सकाळच्या लोकलपर्यंत एकच विषय चालतो. आयपीएलचे चार सामने होतात न होतात, तोच कोणता संघ बाद फेरीत जाणार आणि कोणता तळाला राहणार, याचे निवाडे दिले जातात. फॅन्टसी क्रिकेटमुळे या निवाड्यांत पैसाही गुंतला. हंगामाच्या आरंभीची गुणतालिका खरोखर किती सांगते? हा प्रश्न टपरीवरून उच्च न्यायालयात आणि तेथून संसदेत कसा पोहोचला, त्याचा हा इतिहास.

२/
प्रथम मैदानावरचा पुरावा. २०१५ मध्ये रोहित शर्माच्या नेतृत्वाखालील मुंबई इंडियन्स पहिले चारही सामने हरली. सहा सामन्यांनंतर तिच्या खात्यात एकच विजय होता. त्याच संघाने २४ मे रोजी ईडन गार्डन्सवर चेन्नईला ४१ धावांनी हरवून करंडक उचलला. त्याच्या आदल्या वर्षी, २०१४ मध्ये, मुंबईने पहिले पाच सामने गमावले होते. तरीही वानखेडेवरच्या अखेरच्या साखळी सामन्यात आदित्य तरेच्या षटकाराने तिने चौथे स्थान गाठले.

३/
मात्र यावरून ‘सुरुवात वाईट, शेवट गोड’ असा नियम काढता येत नाही. २०२२ मध्ये हीच मुंबई पहिले आठ सामने हरली आणि अखेरीस तळालाच राहिली. उलट २०१८ मध्ये पंजाबने पहिल्या सहांपैकी पाच सामने जिंकले, तरी तो संघ सातव्या क्रमांकावर घसरला. आरंभीची तालिका कधी खरी ठरते, कधी खोटी. ती कोणत्या वर्षी खरी ठरणार, हे मात्र ती स्वतः सांगत नाही.

४/
याचे कारण साध्या गणितात आहे. नाणेफेक, दुसऱ्या डावातले दव, सुटलेला एखादा झेल यांमुळे दोन सामन्यांचे निकाल फिरले असे समजू. चार सामन्यांतले दोन म्हणजे निम्मे, चौदांतले दोन म्हणजे केवळ सातवा हिस्सा. सामने वाढतात तसतसा नशिबाचा वाटा पातळ होत जातो आणि संघाचे खरे बळ वर येते. फॅन्टसी खेळाचा सगळा इतिहास या एका गणिताभोवती फिरतो.

५/
या इतिहासाचा आरंभ क्रिकेटच्या धावफलकात सापडतो. १८२४ मध्ये इंग्लंडमधील एक्झिटर येथे जन्मलेला हेन्री चॅडविक बालपणीच अमेरिकेत गेला आणि पुढे क्रिकेटचा वार्ताहर झाला. बेसबॉलकडे वळल्यावर त्याने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा तक्ता रूढ केला. प्रत्येक खेळाडूची कामगिरी आकड्यांत उतरू लागली. सामना न पाहताही खेळाडूचे मोल जोखता येण्याची सोय अशी झाली.

६/
त्या आकड्यांवरून खेळ रचण्याची कल्पना विसाव्या शतकातली. १९६० मध्ये विल्यम गॅमसन या समाजशास्त्रज्ञाने बोस्टनमध्ये मित्रांसह कागदावरचे बेसबॉल संघ उभे केले. १९८० मध्ये न्यूयॉर्कमध्ये संपादक डॅनियल ओक्रेंट आणि त्याच्या मित्रांनी ‘रोटिसरी लीग’ सुरू केली. ज्या उपाहारगृहात ते जमत, त्याचे नाव त्यांनी लीगला दिले. प्रत्येकाकडे २६० डॉलर, त्यांतून लिलावात २३ खेळाडू घ्यायचे आणि त्यांच्या प्रत्यक्ष कामगिरीवर गुण मोजायचे, असा तो खेळ होता.

७/
ही स्पर्धा पूर्ण हंगामाची होती, हे येथे महत्त्वाचे. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. एप्रिलमध्ये आघाडीवर असलेल्याला सप्टेंबरपर्यंत दुखापती, घसरते फॉर्म आणि अदलाबदली यांना तोंड द्यावे लागे. पहिल्या आठवड्याचे नशीब सहा महिन्यांत विरून जाई. तरीही नशीब पुरते संपत नव्हते. या खेळाचा जनक ओक्रेंट स्वतःची लीग कधीच जिंकला नाही.

८/
इकडे मुंबईत आकड्यांचा वेगळाच खेळ रंगात होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांच्या आकड्यांवर पैसे लावले जात. ते भाव येणे थांबल्यावर १९६० च्या दशकाच्या आरंभी चिठ्ठ्या काढण्याचा मटका आला. ‘कल्याण मटका’ हे नाव कल्याण शहरावरून पडले, असा समज आपल्याकडे आहे. प्रत्यक्षात ते मटका चालवणाऱ्या कल्याणजी भगत यांच्यावरून आले. मटक्यात अभ्यासाला वाव नव्हता. तेथे पहिला आठवडा आणि शंभरावा आठवडा सारखाच.

९/
मग कौशल्याचा खेळ आणि जुगार यांत रेषा कोठे ओढायची? सर्वोच्च न्यायालयाने ९ एप्रिल १९५७ रोजी यावर दोन निकाल दिले. दोन्ही आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या बक्षीस स्पर्धांशी संबंधित होते. ‘स्पोर्टिंग स्टार’ या बंगळुरूच्या साप्ताहिकातली त्यांची शब्दकोडी मुंबई राज्यात मोठ्या प्रमाणावर सोडवली जात. जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाही, परंतु ज्या स्पर्धेतले यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून आहे ती जुगार नव्हे, अशी चौकट त्या दिवशी घातली गेली. १९९६ मध्ये घोड्यांच्या शर्यतीही कौशल्याच्या बाजूला ठरल्या.

१०/
फॅन्टसी क्रिकेट भारतात आले ते या चौकटीत. २००१ मध्ये ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्सने ‘सुपर सिलेक्टर’ आणला. फेब्रुवारी २००८ मध्ये मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला. ओक्रेंटच्या मित्रमंडळींनी कागदावर जे केले होते, ते २८ वर्षांनी संघमालकांनी खऱ्या खेळाडूंबाबत केले. त्याच वर्षी हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी मुंबईत ‘ड्रीम११’ स्थापन केली. आरंभी तीही पूर्ण हंगामाची आणि विनामूल्य होती.

११/
खरे वळण २०१२ मधले. ड्रीम११ने पूर्ण हंगामाऐवजी एकेका सामन्याची स्पर्धा आणली आणि प्रवेशशुल्क व रोख बक्षीस ठेवले. अमेरिकेतही २००९ मध्ये निघालेल्या ‘फॅनड्यूल’ने हाच मार्ग धरला होता. खेळ तोच, खेळाडू तेच, गुणही तसेच. हंगाम मात्र सहा महिन्यांवरून एका संध्याकाळीवर आला.

१२/
प्रकरण न्यायालयात गेले. २०१७ मध्ये पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने आणि ३० एप्रिल २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हा खेळ कौशल्याचा मानला. स्पर्धकाचे यश कोणता संघ जिंकतो यावर नव्हे, तर त्याची जाण, पारख आणि अभ्यास यांवर ठरते, हा युक्तिवाद मुंबईत ग्राह्य धरला गेला. त्यात तथ्य होते. खेळपट्टी आणि फॉर्म जाणणारा माणूस अनेक सामन्यांत इतरांच्या पुढे जातोच.

१३/
पण ‘अनेक सामन्यांत’ या दोन शब्दांतच अडचण आहे. कौशल्य दिसायला काळ लागतो आणि एका संध्याकाळीच्या स्पर्धेत तो काळ मिळत नाही. कर्णधार म्हणून निवडलेला फलंदाज पहिल्या चेंडूवर धावचीत झाला, तर सगळा अभ्यास तेथेच संपतो. ज्या तालिकेवर एप्रिलमध्ये शहाणा माणूस विश्वास ठेवत नाही, तीच येथे अंतिम तालिका होते आणि तिच्यावर पैसे चुकते होतात. शेकडो स्पर्धांत उतरणाऱ्याचे नशीब कालांतराने सम होते. महिन्याच्या पगारातून पाच-दहा वेळा खेळणाऱ्या तरुणाला तेवढा हंगाम कधीच मिळत नाही.

१४/
ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा मंजूर केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच त्याने बाजूला ठेवला. पैसे लावून पैसे जिंकण्याचा कोणताही ऑनलाइन खेळ त्याने निषिद्ध ठरवला. २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि ड्रीम११ने सशुल्क स्पर्धा थांबवल्या. १९५७ पासून ६८ वर्षे जो प्रश्न न्यायालये विचारत आली, तो संसदेने सोडवला नाही, या खेळांपुरता गैरलागू केला.

१५/
प्रश्न मात्र उरतोच, कारण तो पैशांआधीचा आहे. मित्रांनी मिळून वहीत संघ लिहावेत, पूर्ण हंगाम गुण मोजावेत, हरणाऱ्याने शेवटी सर्वांना वडापाव द्यावा, हा खेळ कोणत्याही कायद्याने संपत नाही. ओक्रेंटच्या मूळ कल्पनेला तोच अधिक जवळचा. पुढच्या एप्रिलमध्ये तालिका पाहताना नजर आधी गुणांच्या रकान्याकडे जाईल. त्याच्या डावीकडे, खेळलेल्या सामन्यांच्या रकान्यात जर चार हा आकडा असेल, तर निवाडा देण्याआधी आणखी एक चहा मागवायला हरकत नाही.