महाधिवक्ता, कर्नाटक

कर्नाटक शासनाचा सर्वोच्च विधी अधिकारी (ॲडव्होकेट जनरल). संविधानाच्या अनुच्छेद १६५ नुसार नेमणूक राज्यपाल करतात. निवड अर्थातच मंत्रिमंडळाची असते. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला लागणारी पात्रता याही पदाला लागते. मुदत मात्र ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेतोवर पद राहते आणि सरकार बदलले की महाधिवक्त्याने राजीनामा द्यावा, असा प्रघात आहे. कार्यालय बेंगळुरूत, ‘अट्टारा कचेरी’ या १८६८ साली पूर्ण झालेल्या लाल इमारतीत भरणाऱ्या उच्च न्यायालयाच्या आवारात आहे. समोर रस्त्यापलीकडे विधानसौध.

शासनाला कायद्याचा सल्ला देणे आणि महत्त्वाच्या खटल्यांत शासनाची बाजू मांडणे हे मुख्य काम. सल्ला शासनावर बंधनकारक नसतो. याखेरीज काही अधिकार असे आहेत, जे तो सरकारचा वकील म्हणून नव्हे, तर सार्वजनिक हिताचा राखणदार म्हणून वापरतो. खासगी व्यक्तीला उच्च न्यायालयात फौजदारी स्वरूपाच्या अवमानाची याचिका करायची असेल, तर १९७१ च्या न्यायालय अवमान कायद्याप्रमाणे आधी त्याची लेखी संमती लागते. सार्वजनिक उपद्रव किंवा धर्मादाय निधीचा गैरवापर याबद्दल तो स्वतः दावा लावू शकतो. राज्य बार कौन्सिलचा तो पदसिद्ध सदस्य असतो. अनुच्छेद १७७ मुळे त्याला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बोलता येते, पण मत देता येत नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत ॲटर्नी जनरल लोकांच्या मतांनी निवडून येतो आणि राज्यपालाविरुद्धही उभा ठाकू शकतो. कर्नाटकातील महाधिवक्त्यामागे असे कोणतेही बळ नाही.

पदाची मुळे कंपनी सरकारच्या कलकत्ता, मद्रास व मुंबई येथील ॲडव्होकेट जनरलमध्ये आहेत. १९३५ च्या भारत सरकार कायद्याच्या कलम ५५ ने प्रत्येक प्रांताला असा अधिकारी दिला आणि अनुच्छेद १६५ बव्हंशी त्याच कलमावर बेतला गेला. बेळगाव, धारवाड, विजापूर व कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई प्रांतात असल्याने त्यांच्यापुरता सरकारचा मुख्य वकील मुंबईत बसे; १९३७ ते १९४२ या काळात ते मोतीलाल सेटलवाड होते, जे पुढे भारताचे पहिले महान्यायवादी झाले. म्हैसूर संस्थानाची वाट वेगळी. तेथे १८८४ मध्ये चीफ कोर्ट आले, १९३० मध्ये त्याचे उच्च न्यायालय झाले. संविधान लागू झाल्यावर म्हैसूर ‘ब’ गटातील राज्य ठरले, त्यामुळे महाधिवक्ता नेमण्याचा अधिकार राजप्रमुखाकडे, म्हणजे महाराजा जयचामराजेंद्र वडियार यांच्याकडे होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि तेच वडियार राज्यपाल झाले. मुंबई राज्याचे वरील जिल्हे त्याच दिवशी म्हैसूरच्या, पर्यायाने बेंगळुरूच्या महाधिवक्त्याच्या कक्षेत आले. १९७३ मध्ये राज्याचे नाव कर्नाटक झाले.

ई. एस. वेंकटरामय्या १९७० मध्ये थोडा काळ या पदावर होते. १९८९ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले. संतोष हेगडे १९८४ ते १९८८ या काळात महाधिवक्ता होते. पुढे ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि मग राज्याचे लोकायुक्त झाले. महाराष्ट्रात एच. एम. सीरवाई यांनी १९५७ पासून १९७४ पर्यंत सलग पद सांभाळले. कर्नाटकात असे स्थैर्य दिसत नाही, बी. व्ही. आचार्य तर पाच वेळा महाधिवक्ता झाले.

पदाची ताकद आणि कमजोरी दोन्ही आचार्यांच्याच प्रकरणात दिसतात. तमिळनाडूच्या तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांच्यावरील बेहिशेबी मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००३ मध्ये चेन्नईहून बेंगळुरूला हलवला आणि तमिळनाडूतील खटला चालवण्याची जबाबदारी कर्नाटकावर आली. आचार्य त्यात विशेष सरकारी वकील होते आणि महाधिवक्ताही. दोन्ही पदे एकाने सांभाळावीत का, हा वाद उठल्यावर सरकारने त्यांना एक निवडायला सांगितले. फेब्रुवारी २०१२ मध्ये त्यांनी संविधानाने दिलेले मानाचे पद सोडले आणि खटला ठेवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तोही सोडला. पुढे उच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडल्यावर सर्वोच्च न्यायालयात कर्नाटकाच्या अपिलात ते पुन्हा उभे राहिले आणि १४ फेब्रुवारी २०१७ रोजी विशेष न्यायालयाने जयललितांच्या सहआरोपींना दिलेली शिक्षा कायम झाली. वकिलाची प्रतिष्ठा पदावरून ठरत नाही, याचे याहून ठळक उदाहरण या कार्यालयाच्या इतिहासात नाही.

महाविद्यालयांतील हिजाबबंदीच्या खटल्यात २०२२ मध्ये महाधिवक्ता प्रभुलिंग नावदगी यांनी उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठापुढे शासनाची बाजू मांडली. १५ मार्चला निकाल शासनाच्या बाजूने लागला. २०२३ मध्ये सत्तांतर झाल्यावर त्यांच्या जागी के. शशिकिरण शेट्टी आले.

संविधानाला महाधिवक्ता एकच ठाऊक आहे. अतिरिक्त महाधिवक्ते, शासकीय अधिवक्ते व सरकारी वकील ही खालची फळी १९७७ च्या राज्य नियमांनुसार नेमली जाते. अशा नेमणुका गुणवत्तेवर व पारदर्शकपणे व्हाव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात बजावले आहे. शासनाची बाजू आता बेंगळुरूबाहेरही मांडावी लागते: २००८ मध्ये धारवाड व गुलबर्गा येथे उच्च न्यायालयाची फिरती खंडपीठे सुरू झाली, २०१३ मध्ये ती कायम झाली. बेळगावच्या पक्षकाराची सुमारे पाचशे किलोमीटरची बेंगळुरूवारी त्यामुळे बरीच टळली.

मराठी वाचकाला या पदाची ओळख असते ती मुख्यतः सीमाप्रश्नामुळे. बेळगावसह सीमाभागासाठी महाराष्ट्राने २००४ मध्ये अनुच्छेद १३१ खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. राज्यांच्या सीमा ठरवणे हा अनुच्छेद ३ प्रमाणे संसदेचा अधिकार आहे, न्यायालयाचा नव्हे, ही कर्नाटकाची भूमिका. तेव्हापासून बेंगळुरूत अनेक सरकारे आली, महाधिवक्तेही बदलले. दावा प्रलंबित आहे.