मागच्या सीटचा इतिहास

स्वस्त, लहान मोटारीत बसणाऱ्याला किती हादरे बसतात, हा बुलढाणा जिल्ह्यात चैनीचा प्रश्न कधीच नव्हता. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला रेल्वे नाही. मेहकरला नाही आणि चिखलीलाही नाही. खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी, पण तो अजून झालेला नाही. बाळंतिणीला माहेरी आणायचे असो, आजाऱ्याला दवाखान्यात न्यायचे असो की विवेकानंद जन्मोत्सवाला आश्रमात यायचे असो, सगळी भिस्त रस्त्यावर. हा रस्ता काळ्या मातीवरून जातो. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते आणि वरच्या डांबरालाही आपल्याबरोबर हलवते. त्यामुळे खड्डे बुजवले तरी रस्त्यातल्या लाटा राहतात.

मोटारीच्या आधी बैलगाडी होती. तिच्या चाकाच्या लोखंडी धावेपासून बसणाऱ्याच्या पाठीपर्यंत हादरा अडवणारे काहीच नसे. म्हणून तळाला कडबा पसरायचा आणि त्यावर गोधडी टाकायची. माणसांच्या प्रवासासाठी दमणी वेगळी असे, हलकी आणि छताची. टांग्याला मात्र पोलादी पाट्यांची कमान आली. एकावर एक बसवलेले हे पाटे पुढे मोटारींत, एसटीत आणि ट्रकमध्ये गेले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या एसटीची बॉडी लाकडी होती आणि सीटांमध्ये काथ्या भरलेला होता.

स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्राची लहान मोटार म्हणजे कुर्ल्याची फियाट. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची फियाट ११०० पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि तिचे उत्पादन या शतकाच्या आरंभापर्यंत चालले. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असल्याने पुढची सीट सलग बाकासारखी, त्यामुळे पुढेही तिघे बसत. सीटच्या आत लोखंडी स्प्रिंगा, त्यावर थर, वर रेक्झिन. स्प्रिंग बसली की गाडी कुशनवाल्याकडे जाई आणि नव्या भरावाने पुन्हा उभी राही. ही दुरुस्ती तालुक्याच्या गावातही होत असे, हा तिचा मोठा गुण होता. विदर्भाच्या उन्हाळ्यात रेक्झिन मात्र असे तापे की त्यावर टॉवेल टाकल्याशिवाय बसता येत नसे.

गाडी लहान आणि स्वस्त झाली की सस्पेन्शनचे काम अवघड का होते, हे वजनाच्या हिशेबावरून कळते. सुमारे साडेसहाशे किलोच्या गाडीत पाच माणसे बसली की सव्वातीनशे किलो भर पडते, म्हणजे भार दीडपट होतो. दीड टनाच्या गाडीत तीच माणसे जेमतेम पाचवा हिस्सा वाढवतात. स्प्रिंग भरल्या गाडीसाठी कडक ठेवली तर एकट्या चालकाला गचके बसतात. नरम ठेवली तर मागच्या सीटवर तिघे बसताच गाडी टेकते. त्यात बारा इंची चाक खड्ड्यात खोल उतरते, आणि पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर कमी असल्याने गाडी झुलते. ज्याला गाडी लागते, त्याला हे झुलणे सरळ हादऱ्यापेक्षाही जास्त सोसावे लागते.

यावर वेगळे उपाय शोधणारे होते. फ्रान्समध्ये १९४८ साली आलेल्या सिट्रोएन २सीव्हीची अटच अशी होती की नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत. शेतकऱ्याला आरामाचा पहिला हक्क देणारी अशी दुसरी मोटार सापडणे कठीण. तिच्या सीटही नळ्यांच्या सांगाड्यावर रबरी पट्ट्यांनी ताणलेल्या होत्या. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत अॅलेक्स मोल्टन यांनी पोलादी स्प्रिंगऐवजी रबराचे शंकू बसवले. महाराष्ट्रात इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी याच वाटेने गेले. १९४९ पासून १९७५ पर्यंत त्यांनी ‘मीरा’ या छोट्या मोटारीचे एकामागून एक नमुने तयार केले. इंजिन मागे, सस्पेन्शन रबराचे, अपेक्षित किंमत बारा हजारांच्या घरात. मीराचे कारखान्यात उत्पादन कधीच झाले नाही. खराब रस्त्यावरची स्वस्त गाडी इथल्याच माणसाने इथल्याच गरजेतून घडवावी, हा प्रयत्न तिथेच थांबला, हे महाराष्ट्राचे नुकसान होते.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाला मिळाली आणि आरामाची कल्पना बदलली. पुढे दोन सुट्या सीट आल्या, भराव फोमचा झाला. चालकाला आणि शेजारच्याला खरोखर सुख मिळाले. मागे मात्र गुडघे दुमडून बसावे लागे, आणि कुटुंबाची गाडी मागच्या सीटवरच पारखली जाते. हे हेरले टाटा इंडिकाने. १९९८ मध्ये पुण्यातून आलेल्या या गाडीत अॅम्बॅसॅडरइतकी ऐसपैस बैठक देण्याचे उद्दिष्ट होते. सुरुवातीच्या तक्रारींनंतर २००१ मध्ये व्ही२ आली आणि डिझेलची इंडिका भाड्याच्या गाडीचे दुसरे नाव ठरली.

१० जानेवारी २००८ रोजी दाखवलेल्या टाटा नॅनोने हाच विचार एक लाखाच्या किमतीत बसवला. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखालच्या चमूने चाके गाडीच्या कोपऱ्यांत सरकवली, इंजिन मागे ठेवले आणि चारही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंग दिल्या. गाडी ३.१ मीटर लांब, पण १.६५ मीटर उंच. सीट उंच असल्याने नऊवारीतल्या आजीला खाली वाकावे लागत नसे, सरळ मागे टेकता येई. मारुती ८०० पेक्षा आत २१ टक्के जास्त जागा असल्याचा कंपनीचा दावा होता. उणीव होती ती इंजिनाच्या आवाजाची: तो नेमका मागच्या सीटखालून येई. २०१८ मध्ये नॅनो थांबली.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला आणि मेहकर तालुक्यातल्या लहान गाड्यांना काँक्रीटचा रस्ता मिळाला. तिथे खड्ड्याचा प्रश्न उरत नाही, सांध्याचा येतो. काँक्रीटच्या रस्त्यात साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी १२० किलोमीटरच्या वेगात सेकंदाला सात-आठ सांधे चाकाखालून जातात, आणि बसलेले शरीर सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनानेच सर्वांत जास्त त्रासते. लहान गाडीच्या दोन आसांतले अंतर सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे सांध्यांतल्या अंतराच्या निम्मे. त्यामुळे पुढचे चाक, मग मागचे, मग पुन्हा पुढचे, असे ठोके सारख्या अंतराने बसत राहतात. सांध्याच्या कडा झिजू लागल्या की ते अधिक जाणवतात, आणि लांबच्या प्रवासात सीटच्या फोमचे व टायरमधल्या हवेचे महत्त्व स्प्रिंगइतकेच वाढते.