रिटचिंगच्या मेजावरची पारख

धारहून सरदारपूरकडे निघालं की थोड्याच अंतरावर तिरला लागतं. इंदूरहून दाहोद, गोध्रा करत अहमदाबादला जाणारा हा रस्ता. त्याच्या तिकडच्या अंगाला, गोध्र्यात, दादासाहेब फाळक्यांनी १८९० च्या दशकात फोटोचा धंदा मांडून पाहिला. इकडच्या अंगाला, इंदुरात, लाला दीनदयाळ बांधकाम खात्यातली नोकरी सांभाळून १८७० च्या दशकात फोटो काढायला लागले आणि पुढे निजामाच्या दरबारापर्यंत पोचले. मधे धार. पवारांच्या संस्थानाच्या आसऱ्याने जी मराठी घरं माळव्यात रुजली, त्यांतलं आमचं एक. फोटोचा धंदा आजोबांपासून, आणि तिरला, नालछा, अमझेरा ही आमची गिऱ्हाइकीची गावं.

या धंद्याचा इतिहास कोणी लिहिलाच, तर त्यात मोठ्या माणसांची नावं येतात, राजेरजवाड्यांचे फोटो येतात. कॅमेरा चांगला की वाईट हे ठरवायची जी रीत आमच्यासारख्या लहान गावांत घडत गेली, ती कुठेच येत नाही. मला ती महत्त्वाची वाटते. कारण कॅमेऱ्याच्या पेटीवर कायम एखादा आकडा छापलेला असे, आणि दर पिढीला त्या आकड्याच्या पलीकडे कसं बघायचं हे नव्याने शिकावं लागलं.

दीनदयाळांच्या काळी तो आकडा काचेच्या प्लेटच्या मापाचा होता. तेव्हा निगेटिव्ह कागदावर ठेवून उन्हात छापत, म्हणून जेवढी प्लेट तेवढाच फोटो. मोठा फोटो हवा तर मोठा कॅमेरा हवाच, त्यात फसवणुकीला जागा नव्हती. एन्लार्जर आला आणि हे गणित मोडलं. लहान निगेटिव्हवरून मोठा फोटो निघू लागला, तसा भिंगाचा प्रत्येक दोषही मोठा होऊन कागदावर उतरू लागला. मग पेटीवर प्लेटच्या मापाऐवजी भिंगाचा आकडा मिरवू लागला: एफ ४.५, एफ ३.५, पुढे एफ २.८. भिंग जितकं उघडं तितका भाव जास्त. पण ते पूर्ण उघडल्यावर फोटो कसा येतो, हे पेटी सांगत नसे.

आमच्याकडे ते सांगायची माझी आत्या.

आत्या रिटचिंग करायची. उत्तरेच्या खिडकीपाशी तिचं उतरतं मेज होतं. मेजात घासलेली काच, खाली आरसा. खिडकीचा उजेड आरशावरून वर यायचा आणि काचेवर ठेवलेल्या निगेटिव्हमधून तिच्या डोळ्यांत जायचा. निगेटिव्हच्या मसाल्याच्या बाजूला ती मीडियमचा पातळ हात फिरवायची, म्हणजे पेन्सिल धरते. पेन्सिलीचं शिसं बोटभर उघडं, बारीक काचकागदावर घासून सुईसारखं केलेलं. त्या टोकाने ती देवीचे व्रण, डोळ्यांखालच्या वळ्या, कपाळावरच्या आठ्या ठिपक्याठिपक्याने भरायची. निगेटिव्हवर जिथे पेन्सिल पडते तिथे छापील फोटोत उजळ येतं, म्हणून हात जरा जड झाला की गालावर पांढरा डाग.

दिवसभर निगेटिव्हला नाक लावून बसणाऱ्या माणसापासून भिंगाचं काहीही लपत नाही. फोटो काढणारे माझे वडील नव्या भिंगावर खूश असायचे आणि आत्या मेजावरून म्हणायची, ‘‘दादा, डोळे छान आलेत, पण याने कानाची पाळी खाल्ली.’’ म्हणजे मधे धारदार, कडेला पुसट. कधी म्हणायची, ‘‘काळ्या कोटात धुकं आहे.’’ त्याचंही कारण होतं. भिंगाच्या काचांवरून उजेड परतून आत पसरतो आणि निगेटिव्हचा जो भाग स्वच्छ राहायला हवा त्यावर पडदा येतो. झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये काचेवर पातळ लेप चढवण्याची युक्ती काढली, ती याच धुक्यासाठी. जुन्या बिनलेपाच्या भिंगांवर आमच्याकडे कितीतरी वर्षं काम चाललं, आणि कुठलं भिंग खिडकीकडे तोंड करून वापरायचं नाही हे आत्या ठरवायची. घरात कॅमेऱ्याची पारख करण्यात शेवटचा शब्द तिचाच. कॅमेरा हातात धरणाऱ्याला त्याचा मोह पडतो. ज्याला त्याची चूक निस्तरायची असते त्याला पडत नाही.

तिच्या सांगण्यावरून घरात परीक्षेची एक पद्धतच पडली. ‘नईदुनिया’चा अख्खा अंक उलगडून भिंतीला ताणून चिकटवायचा. कॅमेरा स्टँडवर, भिंतीशी अगदी समांतर. एक फोटो भिंग पूर्ण उघडून, मग दोन-दोन घरं बंद करत पुढचे. निगेटिव्ह मेजावर ठेवून चारही कोपऱ्यांतल्या बातम्या वाचायच्या. चारही कोपरे सारखेच पुसट असतील तर तो भिंगाच्या घडणीचा स्वभाव, बंद करून वापरलं की सुधारतो. एकच कोपरा बिघडलेला असेल तर आतली एखादी काच तिरकी बसली आहे, आणि असं भिंग कितीही स्वस्त मिळालं तरी परत करायचं. एकाच कंपनीच्या, एकाच आकड्याच्या दोन भिंगांत हा फरक निघतो. तो जाहिरातीत कधी छापला जात नाही.

भिंतीवरच्या छापील कागदाला गोलाई नसते, म्हणून पुढची परीक्षा फडके स्टुडिओत. वसईहून येऊन धारला स्थायिक झालेले शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके यांचे प्लास्टरचे पुतळे तिथे आहेत. खिडकीच्या उजेडात पांढऱ्या प्लास्टरच्या गालावरून सावली कशी हळूहळू वळते, ते जो कॅमेरा आणि जी फिल्म दाखवेल ती चेहऱ्याच्या कामाची. तिसरी परीक्षा मांडवला. जहाज महाल जवळपास १२० मीटर लांब, दोन तलावांच्या मधे आडवा पसरलेला. त्याची गच्चीची सरळ रेघ चौकटीच्या वरच्या कडेला धरून फोटो काढला की भिंग रेघेला पोट काढतं का ते लगेच दिसतं. होशंगशाहाच्या कबरीचा संगमरवर भर दुपारी, आणि आत शिरून तिथली जाळी: एकाच चौकटीत उजेड आणि अंधार दोन्ही सांभाळता येतात का, हे पाहायला माळव्यात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

साध्या कॅमेऱ्यांचंही यात भलं झालं. बडोद्याला बनणारा आग्फाचा क्लिक थ्री घरोघरी होता. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो, भिंग एफ ८.८ चं, साधंसुधं. आत्याचा निकाल होता की मधला भाग उत्तम. म्हणून तो कॅमेरा घेऊन येणाऱ्या हौशी माणसाला आम्ही सांगायचो, माणसं मधे उभी करा, कडेला झाडं येऊ द्या. त्या कॅमेऱ्यातले तिरल्याचे काही फोटो आजही सुरेख दिसतात.

रंगीत फिल्म आली आणि परीक्षेला नवा विषय मिळाला: माणसाचा वर्ण. कोडॅकने प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी जी कार्डं १९५० च्या दशकापासून पाठवली, त्यांवर गोऱ्या बाईचा फोटो असे. लॅबमधली यंत्रं त्या गोऱ्या कातडीवर जुळवली जात. तिरल्याच्या भिल्ल बायांचे फोटो त्या यंत्रांतून निघाले की चेहरे मातकट आणि गळ्यातली चांदी पांढरीफटक. फिल्मच्या डबीवर वेगाचा आकडा होता, पण सावळ्या गालाचा तजेला ती टिकवेल का याचं उत्तर नव्हतं. मला याचा आजही राग येतो. ज्यांच्या घरात आयुष्यात एकच फोटो निघायचा, त्यांचाच वर्ण यंत्राला ठाऊक नव्हता. आम्ही मग रोलसोबत चिठ्ठी लावायला लागलो, कुठल्या फ्रेमवर किती उजेड वाढवायचा याची.

डिजिटल कॅमेरा आमच्याकडे आला तेव्हा आत्या थकली होती, मेजावर संगणक आला होता आणि त्यापुढे मी बसले होते. पेटीवर आता मेगापिक्सेल. आमच्या एसएलआरचे सहा. लवकरच गिऱ्हाइकांच्या खिशात दहाचे कॅमेरे आले आणि लग्नघरचे लोक विचारू लागले, ‘‘तुमचा कमी कसा?’’ सरळ हिशेब असा: चार बाय सहा इंचांचा फोटो इंचाला ३०० ठिपक्यांनी छापायला सव्वादोन मेगापिक्सेलही पुष्कळ. खरा फरक सेन्सरच्या मापात. खिशातल्या त्या कॅमेऱ्यांवर ‘१/२.५ इंच’ लिहिलेलं असे. वाचणाऱ्याला वाटावं, साधारण दहा मिलिमीटर. प्रत्यक्षात त्याचा कर्ण सात मिलिमीटरच्या आसपास. हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळीच्या बाहेरच्या जाडीवरून चालत आलं आहे, सेन्सरशी त्याचा थेट संबंध नाही. असा सेन्सर सुमारे २५ चौरस मिलिमीटरचा, आमच्या सहा मेगापिक्सेलवाल्याचा ३७० च्या घरात. एवढ्याशा जागेत दहा दशलक्ष ठिपके कोंबल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला उजेड किती येणार? संध्याकाळच्या वरातीत सावळ्या चेहऱ्यांवर जे हिरवे-जांभळे कण दिसायचे, ते यामुळे.

पण मोठ्या सेन्सरचा कॅमेराही आत्याच्या परीक्षेतून सुटणार नव्हता. तिरल्याच्या एका लग्नात व्हिडिओवाल्याचा हॅलोजन पेटलेला, नवरीच्या अंगावर लाल शालू. कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो छान दिसला, उजेडाचा आलेखही नीट. घरी संगणकावर मोठा करून बघते तर शालूची एकही चुणी नाही, नुसता लाल पत्रा. सेन्सरवर रंगीत गाळण्यांची जी जाळी असते ती ब्राइस बेयर यांची, १९७६ सालच्या पेटंटची. तीत दर चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हॅलोजनच्या पिवळ्या उजेडात लाल ठिपके सगळ्यांत आधी काठोकाठ भरतात, आणि त्या वेळच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचा आलेख तिन्ही रंगांची बेरीज दाखवायचा. त्यात हिरव्याचा वाटा मोठा, त्यामुळे लाल उतू गेल्याचं कळायचंच नाही. तेव्हापासून आमच्याकडे कुठलाही नवा कॅमेरा आला की पहिला फोटो लाल शालूचा, जरीच्या काठासकट, पिवळ्या दिव्याखाली. शेजारी हळदीची वाटी. चुण्या दिसल्या, जरीतला एकेक धागा सुटा दिसला आणि हळद केशरी झाली नाही, तर पुढचं बोलायचं.

लग्नाच्या करिझ्मा अल्बमने एका बाबतीत जुना काळ परत आणला. पान उघडलं की १२ बाय ३६ इंच. एन्लार्जरखाली जसे भिंगाचे दोष उघडे पडायचे, तसे ते पुन्हा पडू लागले. बाइंडर पान चिकटवताना सांगू लागला की कडेचे नातेवाईक पुसट आलेत. ती आत्याचीच जागा, फक्त माणूस दुसरा.

आता माझा भाचा इंदुरात कॅमेरा घ्यायला जातो तेव्हा स्वतःचं कार्ड घेऊन जातो, दुकानात त्यावर फोटो काढतो आणि घरी आणून बघतो. मोबाइलच्या बाबतीत मात्र आमच्या जुन्या परीक्षा पुऱ्या पडत नाहीत. २०० मेगापिक्सेलचा म्हणून विकला जाणारा मोबाइल एरवी सोळा-सोळा ठिपके एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचीच फाइल देतो, आणि त्यावर आतला प्रोग्राम रेघा स्वतःच धारदार करतो. भिंतीवरचा अंक त्याला चकवू शकत नाही, सगळे कोपरे वाचता येतात. म्हणून भाच्याने परीक्षा बदलली आहे. तो दिवेलागणीला हाटात जातो आणि चालत्या माणसांचे फोटो काढतो, पाठीमागे दुकानाचा दिवा ठेवून. एकापाठोपाठ काढलेल्या अनेक फ्रेम जोडून प्रोग्राम एक फोटो बनवतो, आणि मधे माणूस हलला की हाताची बोटं कमी-जास्त होतात, गळ्यातल्या चांदीच्या हसळीची गोलाई मधेच तुटते. ते फोटो तो मला आणून दाखवतो. मी आधी कानाची पाळी बघते, मग हसळी, मग मागच्या दिव्याभोवतीचं धुकं.