घुंगरू थांबवून काढलेल्या तसबिरी

१ मे १८५४ रोजी आगगाडी ठाण्याहून पुढे आपल्या कल्याणला पोहोचली. त्याच वर्षी मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. एक यंत्र माणसाला पळवू लागले आणि दुसरे त्याला 'हलू नकोस' म्हणून बजावू लागले.

तेव्हाची रीतच तशी होती. काचेवर कोलोडियनचे द्रावण पसरायचे, ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची. मग समोरच्या माणसाने काही सेकंद निश्चल राहायचे. मान हलू नये म्हणून मागे लोखंडी आधार लावत. जो हलला तो पुसट झाला.

मग नर्तकीने करावे काय? जुन्या अल्बमांमधल्या नर्तकी पाहा. कोणी गालिच्यावर बसलेली, कोणी पदर धरून उभी. मागे कमरेला तबला बांधलेला साथीदार, हात जागच्या जागी थबकलेले. घेरदार पेशवाज आहे, दागिने आहेत. गिरकी तेवढी नाही.

बहुतेकदा नावही नाही. खाली फक्त 'नाच गर्ल'. सोसायटीच्या संस्थापकांपैकी विल्यम जॉन्सन यांनी १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईच्या लोकांवर दोन सचित्र खंड काढले. त्यांत माणसे जातीजमातींप्रमाणे मांडली होती आणि स्टुडिओत टिपलेल्या माणसांमागे बाहेरची दृश्ये जोडलेली होती. त्या काळच्या अशा संग्रहांना माणूस नको होता, नमुना हवा होता.

१८७८ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिज यांनी ओळीने बारा कॅमेरे लावून धावता घोडा टिपला. पुढे कोरड्या काचा रुळल्या आणि सेकंदाचा अंशही पुरेसा ठरू लागला.

आपल्याकडे नाच पडद्यावर आणला तो एका मराठी फोटोग्राफरने. दादासाहेब फाळके पूर्वी गोध्र्याला फोटो काढण्याचा व्यवसाय करत. त्यांच्या १९१३ च्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये कमलाबाई मोहिनी झाल्या. कथाच नाचाची! मोहिनीच्या हालचालींची नक्कल करता करता राक्षस स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो. पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये फाळक्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. आरंभी तिचा नुसता चेहरा दिसतो, भाव बदलत जाणारा. तसबीर हलू लागली होती.

कमलाबाई, मंदाकिनी ही नावे आपल्याला ठाऊक आहेत. गालिच्यावरच्या त्या बायकांची नाहीत. त्यांचा नाच कॅमेऱ्याला टिपता आला नाही, हे तंत्राचे अपुरेपण. पण नाव विचारायला कसले तंत्र लागत होते? आपल्या घरातल्या ट्रंकेत जुने फोटो असतील, तर ओळखणारे वडीलधारे आहेत तोवर त्यांच्या मागे नावे लिहून ठेवा.